प्रकाश गोठला नाही, पदार्थाचे नाव गळले

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मार्च २०२५ मध्ये इटलीतील संशोधकांचा एक शोधनिबंध ‘नेचर’ या नियतकालिकात आला आणि त्याच्या बातम्या ‘प्रकाश गोठवला’, ‘प्रकाशाचा घनपदार्थ बनवला’ अशा मथळ्यांनी सगळीकडे फिरल्या. त्या वाचून मुले विचारतात, की गोठलेला प्रकाश डबीत भरून ठेवता येईल का? प्रश्न रास्त आहे. मथळा वाचून कोणालाही तोच पडेल. उत्तर ‘नाही’ असे आहे. का नाही, हे समजायला जी एक गोष्ट लागते, नेमकी तीच बातम्यांतून गळालेली असते. हे सगळे घडले कोणत्या पदार्थात?

लेच्चे या गावच्या प्रयोगशाळेत वापरलेला पदार्थ गॅलियम आर्सेनाइडच्या घराण्यातला अर्धवाहक (सेमीकंडक्टर) होता. त्याचे अतिपातळ थर एकावर एक रचून प्रकाश आडवा वाहून नेणारी पट्टी केली होती आणि तिच्यावर ठरावीक अंतराने बारीक चर कोरले होते. ही पट्टी अतिशीत ठेवून तिच्यावर लेझर सोडला. अर्धवाहकात शिरलेला प्रकाशकण, म्हणजे फोटॉन, एका इलेक्ट्रॉनला वर ढकलतो. इलेक्ट्रॉनच्या मागे रिकामी जागा राहते. इलेक्ट्रॉन आणि ती रिकामी जागा एकमेकांना धरून राहतात, पुन्हा एकत्र येऊन फोटॉन बाहेर टाकतात, तो फोटॉन पट्टीतच अडकून पुन्हा तेच करतो. ही देवाणघेवाण इतक्या झपाट्याने चालते की ‘आत्ता प्रकाश’ आणि ‘आत्ता पदार्थ’ असे वेगळे काढताच येत नाही. या जोडरूपाला पोलॅरिटॉन म्हणतात.

इथे थोडे थांबायला हवे, कारण सगळे मर्म या जोडरूपात आहे. दोन फोटॉन निर्वात जागेत समोरासमोर आले तर एकमेकांना जणू न शिवता पार जातात. दोन टॉर्चचे झोत एकमेकांवर फुलीसारखे पाडून पाहा, दोन्ही आपल्या वाटेने सरळ जातात. एकमेकांना न ढकलणाऱ्या कणांची कधी रचना बनत नाही. त्यामुळे निव्वळ प्रकाशाचे घनरूप होण्याचा प्रश्नच येत नाही. पोलॅरिटॉनमधला पदार्थाचा अंश मात्र शेजारच्या पोलॅरिटॉनला ढकलतो. आणि त्यातल्या प्रकाशाच्या अंशामुळे त्याचे वस्तुमान इलेक्ट्रॉनच्याही मानाने हजारो पटींनी कमी असते. इतके हलके कण एका अवस्थेत गोळा व्हायला अणूंना लागते तितके कमी तापमान लागत नाही. सत्येंद्रनाथ बोस यांनी १९२४ मध्ये ज्या सांख्यिकीचा पाया घातला, तिच्याच नियमाने हे कण एकत्र येतात. लेच्चेच्या प्रयोगात लेझरचा जोर वाढवल्यावर मधल्या अवस्थेत मावेनासे झालेले पोलॅरिटॉन जोडी-जोडीने डाव्या-उजव्या शेजारच्या अवस्थांत गेले आणि तिन्ही अवस्थांच्या मिश्रणातून दाट-विरळ, दाट-विरळ अशी नियमित पट्ट्यांची नक्षी उमटली. स्फटिकासारखी नियमितता आणि तरीही घर्षणाशिवाय वाहणाऱ्या द्रवासारखी एकसंधता, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी असणे याला भौतिकशास्त्रज्ञ अतिघन अवस्था म्हणतात. अतिशीत अणूंमध्ये ती २०१७ मध्ये एमआयटी आणि झुरिकच्या गटांनी दाखवली होती. नवी गोष्ट ही की ती प्रकाश-पदार्थाच्या जोडरूपात दिसली. एकेक पोलॅरिटॉन सेकंदाच्या अब्जांशाहूनही कमी वेळ टिकतो आणि लेझर बंद केला की नक्षी संपते. म्हणून डबीत भरायला काही उरत नाही.

‘प्रकाश थांबवला’ हा याआधीचा मथळाही असाच अर्धवट होता. १९९९ मध्ये हार्वर्डच्या लेन हाऊ यांच्या गटाने प्रकाशाचा स्पंद सेकंदाला १७ मीटर इतका मंद केला. हा वेग ताशी साधारण ६१ किलोमीटर होतो. पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावरची मोटार त्याच्या पुढे निघून जाईल. पदार्थ होता परम शून्याच्या अगदी जवळ थंड केलेला सोडियमच्या अणूंचा ढग. दुसरा एक लेझर त्या ढगाला पहिल्या लेझरसाठी पारदर्शक करतो, पण फक्त रंगाच्या एका अतिअरुंद पट्टीत, आणि त्या अरुंदपणामुळे स्पंद रेंगाळतो. बाहेर एक किलोमीटर लांब असलेला स्पंद या ढगात शिरताना आक्रसून साधारण ५७ मायक्रॉनचा, म्हणजे केसाच्या जाडीएवढा होतो. २००१ मध्ये तो पूर्ण थांबवला गेला. दुसरा लेझर मधेच बंद केला की स्पंद नाहीसा होतो आणि त्याचा ठसा अणूंच्या फिरकीत राहतो. लेझर पुन्हा लावला की त्या ठशावरून तोच स्पंद परत उभा राहतो. २०१३ मध्ये जर्मनीतल्या डार्मस्टाट इथे प्रेझियोडिमियम मिसळलेल्या स्फटिकात हा ठसा एक मिनिटभर टिकवला. त्या मिनिटात स्फटिकात प्रकाश नव्हताच. जे थांबले होते ते अणूंमधले टिपण.

म्हणून आमची विनंती साधी आहे. प्रकाशाविषयीची बातमी देताना पदार्थ कोणता, तापमान किती आणि ती अवस्था टिकली किती वेळ, या तीन गोष्टी बातमीच्या पहिल्या परिच्छेदात द्याव्यात. 

पदार्थाची रचना बदलली की तोच प्रकाश वेगळा वागतो, हे शाळेच्या बाकावरही मोजून दाखवता येते. त्यासाठी अर्धवाहक नको, जुनी सीडी पुरते. राष्ट्रीय विज्ञान दिनाला, २८ फेब्रुवारीला, शाळांमधून प्रयोग मांडले जातात. त्यात हा असावा असे आम्हाला मनापासून वाटते. साहित्य पुण्यात सहज मिळते. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत लेझर पॉइंटर मिळतो, जुन्या बाजारात रविवारी किंवा बुधवारी जुन्या सीडी मिळतात, आणि बाकीचे घरात असते. घेताना डिस्क रेकॉर्ड करण्याची घ्यावी. सिनेमाच्या किंवा गाण्याच्या छापील सीडीचा चंदेरी थर इतका घट्ट असतो की तो सोलताना चिकटपट्टीच संपते.

रेकॉर्ड करण्याच्या सीडीचा चंदेरी थर छपाईच्या बाजूला, अगदी वर असतो, त्याखाली १.२ मिलिमीटर जाड पारदर्शक प्लास्टिक. छपाईच्या बाजूवर कटरने काठापासून मधल्या भोकाकडे एक हलकी चीर द्यावी, तिच्यावर खाकी पॅकिंग टेप घट्ट दाबून बसवावी आणि एका झटक्यात ओढावी. थर पापुद्र्यासारखा निघतो. खाली हिरवट-निळसर रंग राहिला तर तो स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसाने पुसावा. हात लागलेल्या जागी बोटांचे तेल चरांत बसते आणि ठिपके अंधूक येतात, म्हणून डिस्क काठाला धरावी.

आता ही पारदर्शक डिस्क दोन पुस्तकांच्या मधे उभी करावी. भिंत बरोबर १०० सेंटिमीटरवर. १ मिलिवॅटपेक्षा कमी शक्तीचा लाल पॉइंटर पुस्तकांच्या थप्पीवर आडवा ठेवून त्याचे बटण कपड्यांच्या चिमट्याने दाबून ठेवावे, म्हणजे हात हलण्याचा प्रश्न राहत नाही. किरण डिस्कच्या बाहेरच्या कडेजवळ, घड्याळात ३ वाजता काटा जिथे असतो तिथे पाडावा. तिथे चर उभे जातात आणि भिंतीवरचे ठिपके आडव्या ओळीत येतात. किरण भोकाजवळ पाडला तर चरांची वळणे किरणाच्या रुंदीतच डोकावतात, आणि ठिपक्याऐवजी धनुष्यासारखी रेघ दिसते. मग मध्य कुठे धरायचा हेच कळत नाही.

भिंतीवर मधला ठळक ठिपका आणि त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक फिका ठिपका दिसेल. ६५० नॅनोमीटरचा पॉइंटर आणि ७०० एमबीची सीडी असेल तर बाजूचा ठिपका मधल्यापासून साधारण ४८ सेंटिमीटरवर येतो. गणित नववीच्या त्रिकोणमितीत बसते. काटकोन त्रिकोणाच्या बाजू १०० आणि ४८, कर्ण ११०.९. कोनाची साइन ४८ भागिले ११०.९, म्हणजे ०.४३३. त्याला चरांमधल्या अंतराने, १५०० नॅनोमीटरने, गुणले की उत्तर ६४९. पॉइंटरच्या चिठ्ठीवर ६५० अधिक-उणे १० असे लिहिलेले असते.

बहुतेकांची चूक होते ती चरांच्या अंतरात. पाठ्यपुस्तकांत आणि इंटरनेटवर सीडीचे चर १.६ मायक्रॉनवर असतात असे वाचायला मिळते. ते ६५० एमबीच्या, ७४ मिनिटांच्या डिस्कला लागू आहे. ७०० एमबीच्या, ८० मिनिटांच्या डिस्कवर जास्त माहिती बसवण्यासाठी चर आवळून साधारण १.५ मायक्रॉनवर, म्हणजे १५०० नॅनोमीटरवर, आणलेले असतात. त्या डिस्कवर १.६ धरून गणित केले तर लाल रंगाची तरंगलांबी ६९३ येते आणि शिक्षक, विद्यार्थी दोघेही पॉइंटरला दोष देतात. डिस्कवर ‘८० मिनिटे’ लिहिले आहे का ते आधी वाचावे. दुसरी चूक साइनच्या जागी टॅन वापरण्याची. ४८ ला १०० ने भागून थेट १५०० ने गुणले तर ७२० येते. लहान कोनात दोन्ही जवळपास सारखेच असल्याने ही सवय लागते, पण इथे कोन जवळजवळ २६ अंशांचा आहे आणि तो लहान नाही. तिसरी चूक, डिस्क किरणाला काटकोनात नसणे. मग डावा ठिपका ४७ वर आणि उजवा ५२ वर असे काहीतरी होते. डिस्कवरून मागे परावर्तित होणारा फिका ठिपका पाहावा. तो पॉइंटरच्या तोंडावरच परत आला की डिस्क काटकोनात आहे. हा मागचा ठिपका पाहताना कागदाचा तुकडा पॉइंटरच्या तोंडाला लावून त्यावर पाहावा, वाकून डोळ्याने नाही.

यानंतरचा भाग आमच्या मते प्रयोगाचा गाभा आहे. पॉइंटर तसाच ठेवून सीडीच्या जागी डीव्हीडी लावायची. रेकॉर्ड करण्याची डीव्हीडी म्हणजे ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या एकमेकींना चिकटवलेल्या असतात आणि चर मधोमध असतात. काठाच्या सांध्यात कटरचे पाते फिरवून चकत्या सुट्या कराव्या लागतात. हे काम मोठ्यांनी करावे, पात्याची धार हातापासून लांबच्या दिशेला ठेवून. जांभळट पारदर्शक चकती हवी, दुसरी नको. हिचे चर ०.७४ मायक्रॉनवर, सीडीच्या निम्म्याने. साइन ०.८७८ येते आणि कोन ६१ अंशांच्या पुढे जातो. एक मीटरवर ठिपका मधल्यापासून १८४ सेंटिमीटरवर पडेल, म्हणजे वर्गाची भिंत संपेल. म्हणून डिस्क भिंतीपासून ३० सेंटिमीटरवर आणावी, ठिपका ५५ सेंटिमीटरच्या आसपास मिळतो. सीडीला दोन्ही बाजूंना दुसरा ठिपकाही असतो, ६० अंशांवर. डीव्हीडीला तो शोधून सापडणार नाही. साइन १.७६ यावी लागेल आणि साइन १ च्या वर जात नाही. लेझर तोच, शक्ती तीच, रंग तोच. पदार्थावरचे चर जवळ आणले आणि प्रकाशाची एक वाट बंद झाली.

लेच्चेच्या पट्टीवरचे चर हेच काम करतात. प्रकाशाला कुठल्या दिशा खुल्या आणि कुठल्या बंद, हे कोरलेल्या अंतरावरून ठरते.

गेल्या दहा वर्षांत ही कल्पना आणखी बरीच पुढे गेली आहे, आणि तिचे मूळ बंगळुरूत आहे ही गोष्ट मराठी वाचकांपर्यंत फारशी पोचलेली नाही. १९५६ मध्ये रामन संशोधन संस्थेतल्या एस. पंचरत्नम यांनी दाखवले, की प्रकाशाच्या ध्रुवीकरणाला, म्हणजे लहरीच्या कंपनाच्या दिशेला, एका चक्रातून फिरवून मूळ अवस्थेत आणले तरी त्याची कला, म्हणजे लहरीतली त्याची जागा, थोडी सरकलेली राहते. पंचरत्नम तेव्हा बावीस वर्षांचे होते. १९८४ मध्ये ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ मायकेल बेरी यांनी व्यापक सिद्धांत मांडला आणि नंतर पंचरत्नम यांचे काम त्याच्या आधीचे असल्याचे स्वतः लिहिले. आज सपाट भिंगे याच तत्त्वावर बनतात. २०१६ मध्ये हार्वर्डच्या फेदेरिको कापासो यांच्या गटाने काचेवर टायटॅनियम डायऑक्साइडचे ६०० नॅनोमीटर उंचीचे पंख्याच्या पात्यासारखे खांब उभे केले. वर्तुळाकार ध्रुवीकरण असलेल्या प्रकाशासाठी खांब जेवढ्या अंशांनी फिरवावा त्याच्या दुप्पट अंशांनी प्रकाशाची कला सरकते. मग भिंगाला फुगीर आकार द्यायची गरज राहत नाही; मध्यापासून कडेपर्यंत खांबांचे कोन मोजून ठेवले की किरण एका बिंदूत येतात. अडचणही खांबांमध्येच आहे. एका रंगासाठी नेमके बसवलेले खांब दुसऱ्या रंगाला वेगळ्या अंतरावर गोळा करतात, म्हणून त्या गटाने ४०५, ५३२ आणि ६६० नॅनोमीटरसाठी वेगवेगळी भिंगे बनवली होती. सर्व रंगांना एकच सपाट भिंग, तेही मोठ्या आकाराचे, हे काम आजही कठीण आहे.

आपल्या राज्यातली गोष्टही यात येते. हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथजवळ ४ किलोमीटर लांबीच्या दोन भुजांची लायगो-इंडिया वेधशाळा उभी राहायची आहे. केंद्र सरकारने तिला एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली आणि पुण्याची आयुका ही खगोलसंशोधन संस्था तिच्या प्रमुख संस्थांपैकी एक आहे. गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या या यंत्रांत आता संकोचित प्रकाश वापरतात. लेझरच्या प्रकाशात फोटॉन मुळातच थोडे अनियमित येतात आणि ती कुरकुर संदेशाला झाकते. विशिष्ट स्फटिकातून प्रकाश नेला की ही कुरकुर एका बाजूने दाबता येते, दुसऱ्या बाजूने ती फुगते. अमेरिकेतल्या लायगोने त्यासाठी ३०० मीटर लांबीची वेगळी पोकळी बांधली, म्हणजे खालच्या आणि वरच्या वारंवारतांना कोणती बाजू दाबायची ते बदलता येते. इथे सगळे बिघडते ते गळतीमुळे. कुरकुर दहाव्या हिश्श्यावर आणली आणि वाटेतल्या आरशांवर, भिंगांवर फक्त १० टक्के प्रकाश हरवला, तर ती १९ टक्क्यांवर जाते, म्हणजे जवळजवळ दुप्पट. हरवलेल्या प्रकाशाच्या जागी साधी, न दाबलेली कुरकुर आत शिरते. म्हणून एवढ्या मोठ्या यंत्रात आरशावरच्या लेपाची आणि धुळीच्या कणाची इतकी काळजी घ्यावी लागते. हिंगोलीची बातमी देताना कोटींच्या आकड्याबरोबर हेही छापले गेले तर मराठवाड्यातली मुले त्या कामाकडे वेगळ्या नजरेने पाहतील.

राहिला पॉइंटरचा मुद्दा. डोळ्याचे भिंग समांतर किरणांना दृष्टिपटलावर १० ते २० मायक्रॉनच्या ठिपक्यात आणते आणि तीव्रता साधारण लाखपट होते. १ मिलिवॅटच्या आत पाव सेकंदात पापणी मिटते आणि डोळा वाचतो. त्याहून जास्त शक्तीला पापणी पुरी पडत नाही. मिरवणुकांतल्या लेझर झोतांमुळे डोळ्यांना इजा झाल्याची प्रकरणे नेत्रतज्ज्ञांनी पुढे आणली आणि २०२४ च्या गणेशोत्सवात पुणे पोलिसांनी असे झोत वापरण्यास मनाई केली, त्यामागचे कारण हेच आहे. हिरवा पॉइंटर तर शाळेत नकोच. त्यात ८०८ नॅनोमीटरच्या अदृश्य प्रकाशातून १०६४ आणि त्यातून ५३२ नॅनोमीटरचा हिरवा तयार होतो. स्वस्त पॉइंटरमध्ये अदृश्य किरण अडवणारी काच अनेकदा घातलेलीच नसते. अमेरिकेतल्या एनआयएसटी या मापन संस्थेच्या संशोधकांनी २०१० मध्ये सीडी आणि साध्या कॅमेऱ्याने, म्हणजे वर दिलेल्या प्रयोगासारख्याच मांडणीने, ही गळती दाखवून दिली. अदृश्य किरणाला पापणी मिटत नाही.

पॉइंटर, डिस्क आणि भिंत अशा उंचीवर असावी की किरण बसलेल्या मुलाच्या डोळ्यांच्या रेषेत येणार नाही. सोललेली नसलेली चंदेरी सीडी समोर धरून पॉइंटर लावू नये, ती चार-पाच दिशांना ठिपके उलट फेकते. फेब्रुवारीत आपल्या विज्ञानाच्या पानावर हा प्रयोग छापता आला तर शाळांना उपयोग होईल. जागा कमी असेल तर मजकूर खुशाल कापावा. ‘१ मिलिवॅटपेक्षा कमी’ आणि ‘८० मिनिटांच्या सीडीला १.५ मायक्रॉन’ हे दोन तपशील मात्र गाळू नयेत.

आपले,
प्रकाशविज्ञान शिकवणारे काही शिक्षक, पुणे